नवे वर्ष आणि जुना 'ढ'

विद्यार्थी मित्रांनो, आणि येता-जाता या भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या गावकरी मंडळींनो,

मृगाचा पाऊस येवो न येवो, शाळा ठरल्या दिवशी भरते. आपल्याकडे 15 जूनच्या सुमारास. तिकडे विदर्भात ऊन लवकर उतरत नाही म्हणून आठ-पंधरा दिवस उशिरा. पहिल्या दिवशी दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागते. पहिलीच्या पोरांना फूल देतात, कुठे-कुठे बैलगाडीतून मिरवणूक काढतात. पुस्तके मिळतात, गणवेश मिळतो (कधी वेळेवर, कधी श्रावणात!). वहीचे पहिले पान इतक्या सुंदर अक्षरात लिहिले जाते की चौथ्या पानावरचे अक्षर त्याच मुलाचे आहे यावर विश्वास बसू नये. हे सगळे चांगलेच आहे. नव्या वहीच्या वासाने ज्याला हुरूप येत नाही असे मूल विरळा.

पण एक गोष्ट काही नवी होत नाही. मागच्या वर्षी ज्याच्या कपाळी 'ढ' बसला, तो यंदाही 'ढ'च राहतो. वर्ग बदलला, गुरुजी बदलले, पुस्तके बदलली, शिक्का तोच. बाप पोराला हाताला धरून आणतो आणि नव्या बाईंना सांगतो, "बाई, ह्याच्या डोक्यात काय शिरत न्हाई, आता तुम्हीच बघा." पोरगा तिथेच उभा असतो. बाईंनी अजून त्याचे नावसुद्धा विचारलेले नसते. तेवढ्यात वर्गातली पोरे ओरडतात, "बाई, तो ढ आहे, तो मागंच बसतो!" झाले! त्याचे वर्ष सुरू व्हायच्या आधीच संपले.

माझे मत असे आहे की, यंदा शाळेने आणि गावाने मिळून नवी सुरुवात करायची असेल तर ती इथून करावी. हा शब्द शाळेच्या आवारात कुणी कुणासाठी वापरू नये. मुलांनी नाही, पालकांनी नाही, आणि आम्ही शिक्षकांनी तर नाहीच नाही.

हा शब्द आला कुठून, याची एक गोष्ट सांगतात. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात शिलालेख कोरविले. त्यातला एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याला, 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. त्या काळच्या ब्राह्मी लिपीतली बहुतेक अक्षरे आज आपल्याला ओळखू येणार नाहीत. 'क' म्हणजे नुसती बेरजेची खूण! 'ढ' मात्र जवळजवळ आजच्यासारखाच. बावीसशे वर्षांत बाकीची अक्षरे पार बदलली, हा बदलला नाही. म्हणून जो वर्षानुवर्षे होता तिथेच राहतो त्याला 'ढ' म्हणू लागले म्हणे. गोष्ट ऐकायला गमतीची आहे. पण अक्षर दगडावरचे आहे, ते कसे वाढणार? पोरगा वाढतो. गेल्या जूनमध्ये ज्याचा हात खिडकीच्या गजाला पुरत नव्हता, तो आज गजाला धरून वर चढतो आणि आम्हाला ओरडावे लागते.

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, बोलायला सोपं आहे. ज्याला येत नाही त्याला येत नाही म्हणायचंच नाही का?" अवश्य म्हणावे. पण काय येत नाही ते म्हणावे. एक उदाहरण देतो. फळ्यावर 52 वजा 27 असे गणित आहे. एक मुलगा उत्तर लिहितो 35. उत्तर चूक, खरे उत्तर 25. पण त्याने काय केले ते पाहा. एककाच्या घरात 2 मधून 7 जाईनात, म्हणून त्याने उलटे केले, 7 मधून 2 काढले, 5 आले. दशकाच्या घरात 5 मधून 2 गेले, 3 राहिले. झाले 35. याच्या डोक्यात काही शिरत नाही असे कसे म्हणायचे? त्याने डोके चालविले आहे. फक्त दशक सुटा करता येतो हे त्याला कुणी हातात देऊन दाखविले नाही. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवा. एक गठ्ठा सोडायला लावा. चार गठ्ठे आणि बारा काड्या झाल्या. आता सात काड्या आणि दोन गठ्ठे उचल म्हणावे. तो मोजून सांगेल, दोन गठ्ठे आणि पाच काड्या. एका दुपारी होत नाही, दोन-चार दिवस लागतात, पण होते.

'हातच्याची वजाबाकी येत नाही' असे लिहिले की पुढच्या गुरुजींना काम कळते. 'ढ' म्हटले की काम संपते. 2010 पासून आपल्या शाळांतून सातत्यपूर्ण मूल्यमापन आले, वर्णनात्मक नोंदी आल्या, त्या नुसता रकाना भरण्यासाठी नव्हेत. नवा वर्ग हाती घेणाऱ्या शिक्षकाला त्या नोंदीतून मूल दिसले पाहिजे.

शिवाय 'ढ' म्हणून मागे बसलेल्या पोरांकडे नीट पाहिले, तर कारणे भलतीच निघतात. बीड, जालन्याकडची किती तरी कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. पोर सोबत गेले तर त्याचे निम्मे वर्ष कोपीवरच जाते. हंगामी वसतिगृहे आहेत, शिक्षण हमी पत्रक आहे, तरी सगळी पोरे काही मागे राहत नाहीत. भागाकार शिकविला तेव्हा ते पोर उसाच्या फडात होते, एवढाच त्याचा गुन्हा! कुणाला फळा दिसत नाही, आणि फळा दिसत नाही हेच त्याला ठाऊक नसते. सगळ्यांना असाच धुरकट दिसतो असे त्याला वाटते. आरोग्य तपासणीचे पथक शाळेत येते त्या दिवशी असे मूल घरी ठेवू नये, एवढे पालकांनी करावे. कुणाच्या घरची बोली वेगळी असते, पावरी, कोरकू, गोरमाटी. त्याला पुस्तकातली मराठी कळायलाच वर्ष जाते. आणि काही पोरी धाकट्या भावंडाला सांभाळतात. त्यांचे तर बोलायलाच नको.

कायद्यानेही हे सांगितले आहे. 2009 सालच्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारायला बंदी केली, तशीच मानसिक त्रास द्यायलाही केली. चारचौघांत 'ढ' म्हणणे हा मानसिक त्रास नव्हे तर काय? आणि आणखी एक. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला नापास करीत नसत. 2023 मध्ये आपल्या राज्याने नियम बदलला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा एक संधी मिळते, त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे तिसरीत ज्याला शिक्का मारून मागे बसविले, त्याचा हिशोब पाचवीत होणार. तेव्हा कुणी म्हणायला नको की, "आम्ही आधीच सांगितलं होतं."

म्हणून पहिला पंधरवडा तरी असा जावा. नवा धडा काढायची घाई नको. मागचे काय राहिले ते काड्या, मणी, गोष्टी घेऊन पाहावे. बसायच्या जागा दर सोमवारी बदलाव्यात, म्हणजे 'मागचा' असा कुणी उरणार नाही. पेरणीचे दिवस आहेत हे खरे. पण बियाणे धरायला मोठे माणूस बघा, पोराला शाळेत पाठवा. हेच पंधरा दिवस चुकले तर पोर आल्या-आल्या मागे पडते आणि आपण पुन्हा तेच नाव ठेवतो. बाईंना सांगायचेच असेल तर पोराला येते ते सांगा. शेळ्या किती आल्या, किती राहिल्या हे तो अंधारातही बिनचूक सांगतो ना? दुकानातून सुट्टे पैसे बरोबर आणतो ना? मग तेच सांगा, गणिताला तिथून हात घालता येतो.

मुलांनो, तुमच्यासाठी या पत्रकाचा उजवीकडचा कागद कोरा ठेवला आहे. मागच्या वर्षी आपल्याला काय जमले नाही, ते ज्याने त्याने तिथे लिहावे. नाव घालू नये. दुसऱ्याचे लिहू नये. लिहिता येत नसेल त्याने मोठ्या वर्गातल्या ताईला कानात सांगावे, ती लिहील. दर शनिवारी बाई आणि मी तो कागद वाचू, आणि सोमवारी त्यातलेच एक फळ्यावर घेऊ. पेन्सिल सुतळीने खिळ्याला बांधली आहे, ती कुणी घरी नेऊ नये.