पोहे सोडले, पेग राहिला

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक घोडबंदर रस्त्यावरचा, दुसरा डोंबिवली पूर्वेचा. मध्ये खाडी आहे, पारसिकचा डोंगर आहे आणि वाहतूक कोंडी तर आहेच. पण सकाळ दोन्हीकडे सारखीच उजाडते. नाक्यावर पोह्यांचा टोप, शेजारी उपमा आणि साबुदाणा खिचडी, पलीकडे इडलीवाला, आणि वडापावची कढई. रिक्षावाल्यापासून गाडी पकडायला निघालेल्या बँक कर्मचाऱ्यापर्यंत सगळ्यांची न्याहारी इथेच उरकते. याच दोन्ही मानपाड्यांच्या सोसायट्यांत गेल्या काही वर्षांत ‘लो कार्ब’ करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ही मंडळी पोह्यांच्या टोपाकडे पाठ फिरवून निघून जातात. घरी पोळी बंद, भात बंद. शनिवारी संध्याकाळी मात्र एक हिशेब हमखास ऐकू येतो : बिअर नको, तिच्यात कार्ब असतात, व्हिस्की सोड्याबरोबर चालते, तिच्यात कार्ब शून्य.

हिशेब चुकीचा नाही. व्हिस्की, रम, व्होडका, जिन यांत कर्बोदके जवळपास नसतातच. म्हणूनच तो धोक्याचा आहे.

कर्बोदके कमी करा या सल्ल्यात मात्र तथ्य आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या ताटातल्या उष्मांकांपैकी साठ टक्क्यांहून अधिक कर्बोदकांतून येतात. त्याच पाहणीतील अठरा हजार प्रौढांच्या आहाराचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह आटोक्याबाहेर जाऊ नये, जमल्यास मागे हटावा, यासाठी कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा १९ ते २० टक्क्यांवर न्यावा, असे त्यात सुचवले होते. म्हणजे कर्बोदके शून्यावर आणा असे त्यात कुठेही नाही. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे दोन वेळचे जेवण विरुद्ध ऋजुता दिवेकर यांचा थोडे थोडे, घरचे, पारंपरिक खाण्याचा आग्रह हा वाद खूप रंगला. त्या गदारोळात ‘किती’ हा साधा प्रश्न बाजूला पडला.

एक भरलेली बशी पोहे म्हणजे साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे. त्यात ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि जेमतेम चार ग्रॅम प्रथिने. खरी उणीव इथे आहे. पोहे निम्मे करावेत, शेंगदाणे, मटार, कांदा सढळ घालावा, बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ घ्यावी, आणि शक्यतो आधी अंडी-उसळ खाऊन मग पोहे खावेत. तेवढ्याने जेवणानंतरची साखर बरीच सौम्य चढते. थालीपिठाच्या भाजणीत डाळी असतातच. मुगाचे किंवा बेसनाचे धिरडे, दह्याबरोबर, ही तर आजीच्या काळातली ‘हाय प्रोटीन’ न्याहारी. ठाण्याच्या मामलेदार मिसळीचे नाव काढले की आहारवाले नाक मुरडतात, पण उसळीत वाईट काही नाही. तक्रार करायची तर फरसाणाची आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावाची करावी. आगरी घरातली तांदळाची भाकरी मासळीच्या कालवणाबरोबर एक खाल्ली तर ती आजही चांगले जेवण आहे. साबुदाणा खिचडीची बाजू मात्र कुणालाच घेता येणार नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शेंगदाण्याच्या कुटाने तिची थोडीफार लाज राखली जाते इतकेच. गटारीला मनसोक्त पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावणभर साबुदाण्यावर उपास करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

आता पेगकडे. तीस मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते आणि दर ग्रॅममागे सात उष्मांक. चार छोट्या पेगांचे २८० उष्मांक झाले, चकणा वेगळाच. गंमत अशी की आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीतही जवळजवळ तेवढेच, ४० ग्रॅम अल्कोहोल असते. बिअर सोडून व्हिस्कीवर आलेला माणूस वीसेक ग्रॅम कर्बोदके वाचवतो आणि यकृताला तेच काम देतो. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. म्हणजे चार पेगांना चार ते सहा तास. तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवी साखर तयार करून रक्तात सोडण्याचे कामही मंदावते.

एरवी यकृतात साठवलेली साखर असल्या वेळी कामी येते. पण आठवडाभर भात-पोळी बंद केलेल्या माणसाच्या यकृतात हा साठा आधीच कमी असतो. तो ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर मध्यरात्रीनंतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, बडबड, तोल जाणे, गुंगी ही सगळी लक्षणे दारू चढल्यासारखीच दिसतात. घरचे म्हणतात, झोपू द्या, सकाळी उतरेल.

दुसरा धोका नव्या गोळ्यांचा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या हृदय आणि मूत्रपिंडासाठी उपयुक्त आहेत. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यावर ती स्वस्त झाली आणि बऱ्याच जणांपर्यंत पोहोचली. हे चांगलेच झाले. पण ही गोळी, कडक लो कार्ब आणि दारू एकत्र आले की रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोॲसिडोसिसचा धोका वाढतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. घरच्या यंत्रावर आकडा बरा दिसतो आणि मळमळ, पोटदुखी, धाप यांचा दोष आदल्या रात्रीच्या मटणावर जातो.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याखालच्या मद्य परवान्यात हे पेय ‘आरोग्य राखण्यासाठी’ लागते, अशी भाषा आजवर चालत आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले की आरोग्यासाठी सुरक्षित असे दारूचे कोणतेच प्रमाण नाही. तेव्हा ताटातून काही वगळायचेच असेल, तर क्रम उलटा हवा : आधी पेग, मग साबुदाणा, मग जादाचा पाव. पोह्यांचा नंबर खूप नंतर लागतो.

हा क्रम सगळे पाळणार नाहीत, हेही उघड आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने आहार बदलण्याआधी आणि दारूबद्दल काहीही न लपवता डॉक्टरांशी बोलावे. गोळ्यांचे प्रमाण त्यावर ठरते. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पिणारच असेल, तर उपाशीपोटी नाही, आणि त्या रात्री ताटात भाकरी किंवा पोळी असावी. झोपण्यापूर्वी साखर तपासावी. घरच्यांनी, पिऊन झोपलेला मधुमेही घामाघूम किंवा असंबद्ध बोलताना दिसला तर यंत्र काढावे. आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.