बैठकीचा वेळ कुणाच्या खात्यावर?



संध्याकाळी पाचनंतर साहेबांनी बोलावलेली बैठक आम्हां विठ्ठलवाडीच्या बायकांना फार महागात पडते. कल्याणपर्यंतच्या गाड्या आमच्या उपयोगाच्या नाहीत. अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जतचीच लोकल हवी. ती चुकली की पाळणाघर, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सगळेच खोळंबते. आणि बैठकीत होते काय? परिपत्रकाचे वाचन! ते फलकावर लावले असते तरी भागले असते. उशिरापर्यंत थांबणारा पुरुष कामसू ठरतो, कारण घरी त्याच्यासाठी कुणीतरी रांधत असते. घड्याळाकडे पाहणाऱ्या बाईचे मात्र 'कामात लक्ष नाही'.

बैठक हेही श्रमच आहेत, हे सरकारने एका ठिकाणी कबूल केले आहे. २००५ साली सुरू झालेल्या आशा योजनेत २०१३ मध्ये नियमित कामांचे दर ठरले. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक आढावा बैठकीचे १५० रुपये धरले गेले. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मोलाचे. मग कचेरीतल्या, कारखान्यातल्या बाईचा तास फुकट का?

म्हणून मागणी करू या: बैठक कामाच्या वेळेतच व्हावी, विषय आदल्या दिवशी कळावेत, संपण्याची वेळ लिहिलेली असावी. वेळेबाहेर थांबवले तर त्याचा मोबदला मिळावा. एकटीने म्हटले तर ती कामचुकार ठरेल, म्हणून निवेदनावर सगळ्यांच्या सह्या हव्यात.

हेच नियम आपल्या संघटनेच्या रविवारच्या बैठकीलाही लागू करू या. तिथे येणारी बाईसुद्धा घरचे काम उरकूनच येते.