एकचाकीवरची शिदोरी

काशिमिरा, घोडबंदर आणि वरसाव्याचा पूल या मार्गाने अहमदाबाद महामार्गाने निघालेले दूर पल्ल्याचे सायकलस्वार आता मीरा-भाईंदरमधील हाटकेशच्या रहिवाशांना नवे राहिलेले नाहीत. सामान जितके कमी तितका स्वार श्रेष्ठ, असा एक आग्रह त्यांच्यात अलीकडे बळावला आहे. या आग्रहाची परीक्षा करावयाची तर ती, ज्या वाहनावर सामानाला फारच थोडी जागा असते, अशा एकचाकी सायकलीवर करून पाहावी, असे माझे मत आहे.

एकचाकी म्हणजे केवळ सर्कशीतील करमणूक, हा समज आता सोडून द्यावयास हवा. २००८ साली कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात एकचाकी स्वारांची सुमारे ८०० किलोमीटरांची शर्यत झाली. आणि २०१५ साली इंग्लंडातून निघालेल्या एड प्रॅट या तरुणाने तंबू व बिछाना वाहनावरच वागवीत २०१८ मध्ये आपली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. लांबच्या पल्ल्यासाठी वापरतात ते चाक ३६ इंचांचे असते. पायटे (पेडल) थेट आसाला जोडलेले असल्यामुळे पायट्यांच्या एका फेऱ्यात ते २ मीटर ८७ सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे २०० किलोमीटर जाण्यास जवळजवळ ७० हजार फेरे घालावे लागतात, आणि उतारावरही पायांना क्षणभर विसावा मिळत नाही. साध्या एकचाकीला हातांवर भार घेण्यास मूठ नाही, पिशवी अडकवण्यास दांडा नाही. पाठीवर घेतलेली प्रत्येक वस्तू अखेर बैठकीवरच आपले वजन टाकते आणि तोल सांभाळणाऱ्या कमरेला शिणवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब दुचाकीवर विसरता येतो; येथे तो मांडीची कातडी सोलून आपली आठवण करून देतो.

अशा स्वाराने सामानाची निवड कशी करावी? साखळी नाही, म्हणून साखळी जोडण्याची हत्यारे नकोत. मात्र पायट्याचा दांडा सैल झाल्यास तो आवळण्याची षट्कोनी चावी, पंप, पंक्चरची ठिगळे आणि एक सुटी ट्यूब यांवाचून गत्यंतर नाही; कारण या महामार्गावर मनोर काय किंवा चारोटी काय, रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यापाशी ३६ इंची ट्यूब मिळण्याची आशा धरणे व्यर्थ होय. २९ इंची ट्यूब ताणून त्या टायरात बसवण्याचा उपाय जाणते स्वार करतात, म्हणून तीच बरोबर घेतली तरी भागते. घर्षणाने कातडी सोलू नये यासाठी अस्तराची चड्डी व मलम घ्यावे, कारण सफर अर्धवट सोडण्याची पाळी पाय थकण्याच्या आधी बैठकीच्या यातनांनी येण्याचा संभव मोठा. खाण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, म्हणजे वजनाच्या मानाने पुष्कळ शक्ती देणारा आणि उन्हात न विटणारा शिधा. तहानेसाठी नुसते पाणी पुरेसे नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनीची परिचित कृती किनारपट्टीच्या दमट हवेत घामावाटे गेलेला क्षार भरून काढते, आणि तिच्या पुड्यांचे वजन नगण्य असते.

माणसाच्या पाठीशी किती सरंजाम असावा, याचे दोन आदर्श आपल्यासमोर आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली, तेव्हा त्यांच्यामागे गाड्या व सहकारी होते; आणि त्यात कमीपणा काहीच नाही, कारण त्या शर्यतीचा शिरस्ताच तसा आहे. उलट, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली जगाची सायकलफेरी केली ती बहुतांशी आपला भार आपणच वाहून. आपल्याकडील ब्रेव्हे या, ठरावीक मुदतीत पुऱ्या करावयाच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरींचा दंडक दुसऱ्या प्रकारचा आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, आणि नेमलेल्या ठाण्यांखेरीज कोणाचेही वाहन मदतीला येऊ द्यावयाचे नाही. मानवी बळाने चालणारे वाहन तेथे चालते, म्हणून एकचाकीलाही ते दार बंद नाही. चाळीस तासांची मुदत म्हणजे किमान एक रात्र ट्रकांच्या सान्निध्यात काढावयाची, हे मात्र विसरता कामा नये.

हलकेपणाच्या आग्रहाविरुद्ध माझी तक्रार आहे ती येथे. दुसरा सदरा, टॉवेल, जादा बूट, छायाचित्रणाची उपकरणे यांचा खुशाल त्याग करावा. परंतु मागचा तांबडा दिवा, त्याला जोड म्हणून दुसरा दिवा, परावर्तक पट्ट्यांचे जाकीट, ट्यूब आणि क्षाराच्या पुड्या यांना ओझे म्हणणे ही निखालस चूक आहे. कारण त्यांच्या अभावी जी किंमत मोजावी लागते ती स्वाराबरोबर त्याच्या घरच्यांना आणि मागून येणाऱ्या निरपराध चालकालाही द्यावी लागते. एकचाकीच्या स्वारापाशी खरोखर फारशी जागा नसते, आणि तरीही या वस्तू घेतल्यावाचून तो निघू शकत नाही. मग दोन चाके, मूठ आणि दांडा ज्याला लाभला आहे त्याने त्या टाकाव्यात, याला कोणता आधार?

मीरा-भाईंदर, वसई आणि ठाणे येथील सायकल मंडळांना माझी विनंती आहे की, प्रस्थानापूर्वीची तपासणी त्यांनी दिवा पेटतो की नाही एवढ्यावर संपवू नये. पिशवी उघडून पाहावी, आणि ज्याच्यापाशी दुसरा दिवा नाही त्याला, तो कितीही नामांकित स्वार असो, सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवावे.