अंगझडती पोलिसांची, नजर कुणाची? ब्रिटनमधली देखरेख कशी चालते, कुठे अडते?

लंडनच्या रस्त्यावर पोलीस एका तरुणाला थांबवतात. खिसे, बॅग तपासतात. काहीच सापडत नाही, म्हणून त्याला जाऊ देतात. आपल्याकडच्या नाकाबंदीत विषय तिथेच संपला असता. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र कायद्याने त्या झडतीची नोंद करावी लागते, आणि त्या तरुणाला तीन महिन्यांच्या आत तिची प्रत मागता येते.

देखरेखीची सगळी यंत्रणा या नोंदीवर उभी आहे.

हा नियम आला कुठून?

एप्रिल 1981 मध्ये दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये साध्या वेशातल्या पोलिसांनी 'स्वॉम्प 81' ही मोहीम राबवली. काही दिवसांत 943 जणांना थांबवलं, अटक झाली 118 जणांना. कृष्णवर्णीय वस्तीतला संताप उफाळला आणि दंगल पेटली. या पार्श्वभूमीवर 1984 चा 'पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स अ‍ॅक्ट' आला. त्यानुसार झडतीसाठी संशयाला वाजवी कारण हवं. कुणाचा वर्ण किंवा एकट्या पेहरावावरून बांधलेला अंदाज हे कारण धरलं जात नाही.

पण कारण लिहितो कोण? झडती घेणारा अधिकारीच. 2013 मध्ये पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र इन्स्पेक्टोरेटने 8,783 नोंदी वाचल्या, तेव्हा 27 टक्के नोंदींमध्ये पुरेसं कारणच नव्हतं. तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी पुढच्या वर्षी नियम कडक केले. 2010-11 मध्ये सुमारे 12 लाख असलेल्या झडत्या 2017-18 पर्यंत 2.8 लाखांच्या आसपास आल्या. म्हणजे कुणीतरी वाचतंय म्हटल्यावर फरक पडतो.

मग अडतं कुठे?

'सेक्शन 60' मध्ये. 1994 च्या कायद्यातल्या या कलमानुसार, हिंसाचाराची शक्यता असेल तर ठरावीक भागात ठरावीक वेळेसाठी कुणाचीही झडती घेता येते. व्यक्तीवर संशय असण्याची गरज नाही. त्यामुळे नोंदीत वैयक्तिक कारणाऐवजी आदेशाचा उल्लेख पुरतो, आणि नंतर तपासायला फारसं काही उरत नाही. 2020-21 मध्ये अशा झडत्यांपैकी सुमारे 4 टक्क्यांत अटक झाली. कारण देऊन केलेल्या झडत्यांत हेच प्रमाण 11 टक्क्यांच्या आसपास होतं. तरीही मे 2022 मध्ये प्रीती पटेल गृहमंत्री असताना या कलमावर 2014 मध्ये आणलेले निर्बंध कायमचे उठवण्यात आले.

दुसरी अडचण स्थानिक नागरिकांच्या समित्यांची. पोलिसांच्या नियमावलीनुसार नोंदी स्थानिक समाजाच्या प्रतिनिधींकडून तपासून घेणं बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी स्वयंसेवक नोंदी वाचतात, बॉडी कॅमेऱ्याचं चित्रणही पाहतात. पण त्यांचं मत सल्ल्यापुरतंच. अधिकाऱ्यावर कारवाई करायची की नाही, हे पोलीस दल ठरवतं. समितीला सगळीकडे सारखीच माहिती मिळते असंही नाही.

2021 मध्ये 'क्रिमिनल जस्टिस अलायन्स' या संस्थांच्या गटाने नेमक्या याच दोन मुद्द्यांवर, सेक्शन 60 आणि समित्यांची देखरेख, 'सुपर कम्प्लेंट' दाखल केली. एका प्रसंगाऐवजी संपूर्ण पद्धतीविरुद्ध करता येणारी ही तक्रार. तिच्यावरचा अहवाल यायला डिसेंबर 2023 उजाडला. 2022-23 मध्ये कृष्णवर्णीयांना थांबवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत चौपट होतं.