खर्जाची पेटी

जड वस्तु भिंतीशीं टेकवून ठेवली कीं ती आपल्या वजनानें स्वस्थ बसते, असा घरांतील सर्वांचा अनुभव आहे. मोटारींत मात्र या अनुभवावर विसंबून चालत नाहीं. गेल्या महिन्यांत आलेल्या एका छायाचित्रानें आम्हांस हें शिकविलें, म्हणून तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा पुतण्या अमेरिकेंत टेक्सास राज्यांत नोकरीनिमित्त सहकुटुंब राहतो. तिकडे पिकअप ट्रक हा केवळ माल वाहण्यासाठीं नसतो. पुष्कळ घरांचें तेंच रोजचें वाहन असतें. पुढें चार दारांची केबिन, तींत माणसांसाठीं मागेंही एक बांक, आणि त्याच्या पलीकडे उघडा हौदा. पुतण्या गाण्याचा शौकी. डग्ग्याचा घुमारा गाडींतही भरदार ऐकूं यावा म्हणून त्यानें सबवूफरची लांकडी पेटी घेतली. या गाडीला डिकी नाहीं. तेव्हां ती पेटी त्यानें बांकाच्या पाठीमागें उभी करून एका पट्ट्यानें बांधली.

छायाचित्र पाहून सर्वांनीं कौतुक केलें. वहिनी तिकडे सहा महिने राहून आलेल्या. त्यांनीं मात्र विचारलें, "ज्या कडीला नातीच्या खुर्चीचा वरचा पट्टा लागतो, तिलाच ही बांधली आहेस का रे?"

उत्तर आलें, "अग आई, वीस किलोची पेटी ती. हलणार कुठें?"

या प्रश्नाचा आम्हीं कागदावर हिशेब केला. ताशी ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी आदळली तर गाडी थांबते. सुटी पेटी थांबत नाहीं. तिच्या अंगीं त्या क्षणीं असणारा वेग सुमारें १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरून, पडलेल्या पेटीइतका असतो. गाडी एक दशांश सेकंदांत थांबली असें धरलें, तर २० किलोची पेटी जागीं राखण्यास सुमारें २८० किलो वजनाइतका जोर लागेल. मध्यें बांकाची पाठ आहे हें खरें. परंतु पेटीच्या अडथळ्यानें पाठीचा खटका पुरता बसला नसेल, तर पाठच पुढें कोसळेल. आणि तिच्यापुढें मूल बसलेलें असतें.

तेव्हां पुतण्यास लिहिलें तेंच येथें देतों. मुलाच्या खुर्चीची कडी तिच्यासाठींच मोकळी असावी. सीटबेल्टचे बोल्टही पेटीसाठीं सैल करूं नयेत. पेटीस लोखंडी काटकोनी पट्ट्या लावून त्या स्वतंत्र बोल्टांनीं गाडीच्या पत्र्यास पक्क्या कराव्या. भोंक पाडण्यापूर्वीं गाडीखालीं जाऊन पाहावें. इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या आणि विजेच्या तारा तेथूनच जातात. पत्र्याखालीं रुंद वॉशर, व हादऱ्यानें सैल होऊं नये म्हणून आंत नायलॉन बसविलेला नट घालावा. भोंकाच्या कडेस रंग लावावा, म्हणजे गंज धरणार नाहीं.

पेटी बहुधा एम.डी.एफ. फळ्यांची असते. तींत नुसते लहान स्क्रू पिळले तर ते ओढ बसतांच उपटून येतात. म्हणून बोल्ट आरपार घेऊन आंतूनही वॉशर द्यावा. बंद पेटीच्या भोंकांतून हवा निसटली तर नाद बिघडतो, याकरितां फटी लांबीनें बुजवाव्या. शेवटीं पेटी दोन्हीं हातांनीं जोरानें ओढून पाहावी. ती हलतां कामा नये. बांकाचा खटका बसल्याचा आवाज ऐकावा, आणि महिन्याभरानें नट पुन्हां तपासावे.

आपल्याकडील मोटारींतही मागच्या मोकळ्या जागेंत अशी पेटी सुटीच ठेवलेली पुष्कळदां दिसते. तिलाही हाच हिशेब लागू आहे.

पुतण्यानें एका रविवारीं हें सर्व काम केलें व दुसरें छायाचित्र पाठविलें. वहिनींनीं पेटीकडे पाहिलेंच नाहीं. कडीला नातीच्या खुर्चीचा पट्टा लागला आहे एवढें चष्मा पुसून पाहिलें, आणि मग म्हणाल्या, "आतां ऐकूं दे त्याला हवें तें."