खुर्द्याची मोजदाद

१० मे २०२५ रोजी केंद्रीय नागरी संरक्षण महासंचालनालयाने माध्यमांना एक सूचना केली : हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नये, तो नित्याचा झाला, तर खऱ्या प्रसंगी नागरिक त्याकडे दुर्लक्ष करतील. कारण रास्तच होते. परंतु तोवर नोएडाच्या सेक्टर १६-अ मधील स्टुडिओंतून निघालेला भोंगा दिल्ली-गाझियाबादच्या घराघरांत घुमून गेला होता, आणि त्या घरांत मुले होती. ७ मे रोजी राजधानीत सरावाचा भोंगा झाला, काही भागांत दिवे मालवले गेले. जम्मूकडे भोंगे खरोखरीचे वाजत होते. तिसरा भोंगा पार्श्वसंगीताचा. यांतला भेद आठ वर्षांच्या मुलाला कोणी सांगितला? ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले. सकाळी बंदर जागच्या जागी होते. पण रात्री पाहिलेल्याचे निरसन मुलांपाशी बसून करायला कोणी उरले नव्हते.

यावर सुशिक्षित मराठी घरातले ठरलेले उत्तर असे की, बालमन कोवळे असते, त्याला या गोष्टींपासून दूर ठेवावे. हे उत्तर वत्सल वाटते. वस्तुतः ते आळसाचे आहे. दूर ठेवणे शक्य असते तर प्रश्नच नव्हता. १९७१ च्या डिसेंबरात खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवताना खळीचे भांडे धरायला मुलेच असत. भय तेव्हाही होते, परंतु त्या भयाला कारण होते आणि हाताला काम होते. आज मुलाच्या वाट्याला चित्र येते, आवाज येतो. वाक्य तेवढे येत नाही.

हा दोष केवळ दूरदर्शन संचावर ढकलून मराठी साहित्यव्यवहाराला सुटता येणार नाही. दिल्लीहून शंभर किलोमीटरच्या आत असलेले पानिपत आज राजधानी क्षेत्रातच मोडते. १७६१ च्या संहाराची वार्ता पेशव्यांना सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत कळली, ही कथा मराठी मूल शाळेत ऐकते. मोती कोण, मोहरा कोण, हे गुरुजी खुलवून सांगतात. खुर्दा कोण, हे विचारण्याची पद्धत नाही. त्या खुर्द्यात यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, बायका होत्या आणि मुले होती. संकेत ही त्या सावकाराची गरज होती, कारण पत्र शत्रूच्या मुलखातून जायचे होते. शाळेतल्या मुलापाशी बोलताना ती गरज कोणती? बालवाङ्मयाने मात्र तोच अलंकार जपला : युद्ध म्हणजे दिवाळीचा किल्ला, त्यावर मातीचे मावळे. किल्ला असावाच, त्याच्याशी वैर नाही. पण ॲन फ्रँकची दैनंदिनी मराठीत कौतुकाने वाचणाऱ्या घरात परक्या मुलीचे भय वाङ्मय ठरते आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीचे भय हट्ट, याचा जाब समीक्षेने कधी विचारला नाही.

७ मे रोजी पूंछमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात शाळकरी जुळी भावंडे मारली गेली. स्टुडिओतल्या नकाशावर तो पुन्हा खुर्दाच होता. दिल्लीतल्या मुलाला हे सांगायचे की नाही? त्याच्या कानावर आले असेल तर सांगायचेच. मात्र आधी त्याने काय ऐकले ते त्यालाच विचारून, संच बंद करून, आणि अलंकार न वापरता. काय घडले, काय अजून ठाऊक नाही, पूंछ इथून सरळ रेषेत सहाशे किलोमीटरहून दूर आहे, हे नकाशावर दाखवता येते. मग मूल विचारते : पलीकडच्या गावात मुले असतात का? इथे बहुतेक वडीलधारे गप्प होतात, काही खेकसतात. वाहिन्यांच्या त्या दिवसांतल्या कोशात या प्रश्नाला राष्ट्रद्रोह म्हटले गेले असते. त्याचे उत्तर ‘असतात’ एवढेच आहे आणि ते द्यायला धैर्यही फारसे लागत नाही.

शाळांचे म्हणाल तर अशा प्रसंगी तेथे ‘शूर जवानास पत्र’ हा विषय ठरलेला. पत्र लिहावे, परंतु त्याच वहीत ‘मला रात्री कशाची भीती वाटली’ हे लिहिण्यास पान का नसावे, आणि लिहिलेच तर शुद्धलेखनाचे गुण कापण्यापूर्वी ते कोणी वाचणार आहे काय?