गाळणं, आटवणं, जाळणं

आठवीच्या विज्ञानात ‘द्रव्याचे संघटन’ हा धडा आहे. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. मिश्रणात पुन्हा समांगी आणि विषमांगी. मुलं तक्ता पाठ करतात. पण अमुक पदार्थ त्याच रकान्यात का, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मला वाटतं, या साऱ्या वर्गीकरणाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: यातलं वेगळं करायला काय करावं लागतं? आमच्या गंगापूर तालुक्यातल्या मुलांना त्याचं उत्तर गुऱ्हाळावर मिळेल. जायकवाडीच्या बॅकवॉटरमुळे कायगावच्या बाजूला गोदाकाठी ऊस आहेच.

चरकातून पडणारा रस हिरवट, गढूळ असतो. चोथ्याचे कण फडक्याने अडतात. ते निलंबन. तरी रस नितळ होत नाही, कारण प्रथिनं, मेण, डिंकासारखे अतिसूक्ष्म कण फडक्यातून सुटतात आणि तळाशीही बसत नाहीत. हे कलिल. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या रानभेंडीचा चिकट रस टाकतो, चुन्याची निवळी घालतो. हे कण एकमेकांना धरतात आणि मळी होऊन वर येतात. झाऱ्याने ती काढत राहायची. हे काम घाईत केलं तर गूळ काळपट होतो.

उरलेलं सारं विरघळलेलं. इथे कुठलंही फडकं चालत नाही, चुलवणात चिपाडंच घालावी लागतात. रसात साधारण 80 टक्के पाणी असतं. नुसतं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत 100 अंशांच्या आसपासच उकळलं असतं. रस मात्र घट्ट होईल तसा अधिकाधिक तापमानाला उकळतो. गूळ होण्याच्या सुमारास काटा 118 अंशांवर जातो. शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार? गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी वळतो. गोळी घट्ट वळली की काहिल उतरवायची.

आता बदलांचं. वाफ गेली, गार होताना दाणा धरला, हे भौतिक बदल. ढेप पाण्यात टाकली तर पुन्हा विरघळते. पण आलेला तांबूस रंग परत जात नाही, कारण काही साखर तुटून नवे पदार्थ झाले. तो रासायनिक बदल. पुस्तकात दोन्ही वेगळ्या रकान्यांत असतात, काहिलीत एकाच वेळी चालतात, आणि हे मुलांना सांगायलाच हवं. तोडलेला ऊस पडून राहिला तर त्याच्या आतच साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागतं. चव गोडच राहते, पण ढेप नीट धरत नाही.

राहिली साखर. तिच्या रेणूत कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22, ऑक्सिजनचे 11 अणू. ते गाळून सुटत नाहीत, आटवूनही नाहीत. काहिलीच्या कडेला जळालेला काळा थर खरवडून पाहावा: तो मुख्यतः कार्बन. कार्बन मिळाला, पण साखर संपली. म्हणून साखर संयुग. आणि कार्बन आणखी जाळला तरी त्याहून साधं काही निघत नाही. तो हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, एवढंच.

लाव्हाझिएने 1789 मध्ये मूलद्रव्याची हीच खूण ठरवली: ज्याचं आणखी विघटन करता येत नाही ते. त्याच्या 33 नावांच्या यादीत चुनाही होता, कारण तोवर चुना कुणाला फोडता आला नव्हता. 1808 मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्यातून कॅल्शियम वेगळं केलं आणि गुळव्याचा हा चुना संयुगांत गेला.

विज्ञान शिक्षकांना विनंती, यंदाच्या हंगामात एक सकाळ वर्ग गुऱ्हाळावर न्या. प्रयोगशाळेतला 150 अंशांपर्यंतचा थर्मामीटर सोबत असू द्या. तो शिक्षकांनी स्वतः धरावा, मुलं काहिलीपासून लांब उभी करावीत. तो पाक अंगावर पडला तर चिकटून भाजतो.